रोममध्ये बाहेर खाताना: घड्याळ, काउंटर आणि मेनूतली बारीक अक्षरं

रोममध्ये उत्तम जेवण मिळतं, पण ते आपण चालत असलेल्या रस्त्यावर आपोआप समोर येत नाही. पाँथेऑन, त्रेवीचं कारंजं, पियात्सा नावोना आणि व्हॅटिकनच्या भिंतीलगतचा पट्टा इथे रोज हजारो माणसं येतात आणि त्यातली बहुतेक पुन्हा कधी येणार नसतात. गिऱ्हाईक परत यावं याची ज्याला गरजच नाही, त्याने स्वयंपाकावर मेहनत का घ्यावी? म्हणून तिथे महाग आणि बेचव जेवण सर्रास मिळतं.

नुसती रेस्टॉरंटांची यादी खिशात असून भागत नाही. यादीतल्या नामांकित जागेसमोर चार वाजता उभे राहिलात तर दार बंद असतं आणि रात्री साडेआठला गेलात तर टेबल नसतं. रोममध्ये आधी वेळ बघायची, त्या वेळेला साजेसा खाण्याचा प्रकार निवडायचा आणि जागा शेवटी शोधायची.

घड्याळ

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, फार तर तीन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी साडेसातला उघडतं. रोमकर स्वतः साडेआठ-नऊला जेवायला बसतात. तीन ते साडेसात या पोकळीतच बहुतेक पर्यटक फसतात: सकाळभर कोलोसियम आणि फोरम पाहून होतं, चार वाजता पोटात कावळे ओरडतात, आणि त्या वेळी गरम जेवण देणारी रेस्टॉरंटं उरतात ती बहुतांशी पर्यटकांसाठीच चालणारी. चार वाजता भूक लागली तर टेबलावरच्या जेवणाचा हट्ट सोडा. वजनावर मिळणारा पिझ्झा, बेकरी, किंवा बारमधलं सँडविच घ्या. तेर्मिनी स्थानकाच्या इमारतीत २०१६ साली सुरू झालेला ‘मेर्कातो चेंत्राले’ हा खाद्यबाजार दिवसभर चालू असतो. आगगाडी पकडायची असेल तेव्हाही तो कामाला येतो.

आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते, बहुधा रविवार किंवा सोमवार. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे, घरच्यांनी चालवलेल्या बऱ्याच खानावळी दोन-तीन आठवडे बंद राहतात. दारावर ‘किउसो पेर फेरिए’ असा कागद दिसला की समजायचं, मालक सुट्टीवर आहे.

रात्रीच्या जेवणाला आधी टेबल राखून ठेवा. छोट्या खानावळीत दहा-बारा टेबलं असतात आणि शुक्रवार-शनिवारी ती आधीच भरलेली असतात. पाँथेऑनला लागून असलेलं, १९६१ पासून चालणारं ‘आर्मांदो आल पाँथेऑन’ हे पर्यटकांच्या गर्दीतही दर्जा राखून असलेलं ठिकाण आहे, पण तिथे ऐनवेळी जागा मिळेल अशी आशा धरू नका. काही आठवडे आधी ठरवा. लोकप्रिय जागी रात्रीच्या दोन पाळ्या असतात, एक साडेसातच्या सुमारास आणि दुसरी साडेनऊच्या. पहिल्या पाळीत बसलात तर दोन तासांत उठावं लागतं. निवांत बसायचं असेल तर दुसरी पाळी मागा. लहान मुलं बरोबर असतील तर पहिलीच बरी.

सकाळ: बारमध्ये, उभ्यानं

इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. दारूही मिळते, पण सकाळी सात ते दहा तिथे ऑफिसला निघालेली माणसं दोन-तीन मिनिटांत कॉफी घेऊन बाहेर पडत असतात. इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकाच कॉफीचे दोन दर असतात. ‘आल बांको’ म्हणजे काउंटरशी उभं राहून, आणि ‘आल तावोलो’ म्हणजे टेबलाशी बसून. काउंटरवर एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरोला मिळते. तीच टेबलावर दुप्पट-तिप्पट होते आणि मोठ्या चौकात त्याहूनही जास्त. यात फसवणूक नाही. दरपत्रक लावलेलं असतं आणि त्यावर दोन्ही दर असतात. अडचण होते ती काउंटरवर कॉफी घेऊन ‘जरा टेकू’ म्हणत टेबलाशी बसल्यावर. ते चालत नाही. बसायचं असेल तर आधीच बसा आणि वेटरला येऊ द्या.

उभ्यानं कॉफी घ्यायची रीत अशी. आत शिरल्यावर पैसे घेणारा गल्ला, म्हणजे ‘कास्सा’, वेगळा आहे का ते पाहा. शहराच्या मध्यभागातल्या गर्दीच्या बारमध्ये तो बहुधा वेगळा असतो. तिथे आधी काय हवं ते सांगून पैसे द्यायचे आणि पावती घ्यायची. या पावतीला ‘स्कोन्त्रीनो’ म्हणतात. मग ती काउंटरवर बरिस्ताच्या, म्हणजे कॉफी करणाऱ्याच्या, समोर ठेवून ऑर्डर पुन्हा एकदा तोंडी सांगायची. पावती न घेता थेट काउंटरशी उभे राहिलात तर बरिस्ता तुमच्याकडे बघणारही नाही आणि तो उद्धट आहे असा तुमचा गैरसमज होईल. वस्तीतल्या छोट्या बारमध्ये मात्र आधी प्या, जाताना पैसे द्या, असंच चालतं.

शब्दांचं म्हणाल तर ‘उन काफ्फे’ म्हणजे एस्प्रेसो, दोन घोटांची. ‘काफ्फे माक्यातो’ म्हणजे त्यात थोडंसं दूध. ‘काफ्फे आमेरिकानो’ म्हणजे पाणी घालून वाढवलेली. नुसतं ‘लात्ते’ म्हटलंत तर पेलाभर दूध समोर येईल, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. कप्पुच्चिनो सकाळचं पेय आहे. जेवणावर कोणी घेत नाही. मागितलात तर देतील, नियम वगैरे काही नाही.

पाँथेऑनच्या जवळचं ‘सांतेउस्ताकियो इल काफ्फे’ १९३८ पासून चालू आहे. तिथली फेसाळ ‘ग्रान काफ्फे’ साखर घालूनच येते. बिनसाखरेची हवी असेल तर पैसे देतानाच ‘सेन्त्सा त्सुक्केरो’ सांगा, नंतर बदलता येत नाही. पलीकडच्या बाजूला ‘तात्सा दोरो’मध्ये उन्हाळ्यात कॉफीचा बर्फाळ ग्रानिता मलईच्या दोन थरांत मिळतो.

बरोबर खायला ‘कोर्नेत्तो’, म्हणजे क्रोसाँसारखा पण जरा गोडसर पाव, किंवा रोमचा खास ‘मारितोत्सो’: मऊ गोड पाव मधोमध चिरून त्यात फेटलेली मलई ठासून भरलेली. मारितोत्सो दोघांत एक पुरतो. सकाळी लवकर गेलात तरच तो ताजा मिळतो.

पाणी

रोमच्या रस्त्यांवर ‘नासोने’ नावाचे ओतीव लोखंडी नळ आहेत, सुमारे २,५००. पहिले १८७४ साली बसवले गेले. त्यातून पिण्याचं गार पाणी सतत वाहत असतं, फुकट. तोटीचं खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की वरच्या छोट्या भोकातून कारंज्यासारखी धार उडते आणि न वाकता पिता येतं. बाटली बरोबर ठेवा. टेबलावर मात्र पाणी विकतच्या बाटलीचं असतं आणि वेटर विचारतो, ‘नातुराले’ की ‘फ्रित्सांते’? म्हणजे साधं की बुडबुड्यांचं.

दुपार: वजनावरचा पिझ्झा

रोमच्या दुपारी सगळ्यात सोयीचं, स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात चविष्ट खाणं म्हणजे ‘पिझ्झा अल ताल्यो’. हा लांबट आयताकृती लोखंडी ट्रेमध्ये भाजतात आणि कात्रीने किंवा सुरीने कापून वजनावर विकतात. तुकड्यावर दर नसतो, वजनावर असतो. गोंधळ होतो तो इथेच.

फलकावर दर किलोमागे किंवा ‘एत्तो’मागे लिहिलेला असतो. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. किलोला १८ युरो लिहिलं असेल तर २५० ग्रॅमचे साडेचार युरो होतील. एका माणसाच्या जेवणाला २५० ते ३०० ग्रॅम पुरतो. दुकानात नंबराचं यंत्र असेल तर चिठ्ठी घ्या, नाही तर तुमच्या मागून येणारे पुढे जात राहतील. पाळी आली की ट्रेकडे बोट दाखवा. विक्रेता सुरी त्या पिझ्झावर आडवी ठेवून तुमच्याकडे बघतो, ‘इथे कापू का?’ या अर्थानं. जास्त हवा तर ‘प्यू’, कमी हवा तर ‘मेनो’ म्हणा. एकाच प्रकाराचा मोठा तुकडा घेण्यापेक्षा तीन-चार प्रकारांचे चार बोटं रुंद तुकडे घ्या. वजन झाल्यावर तो ‘स्काल्दो?’ विचारेल, म्हणजे गरम करू का. हो म्हणा. ट्रेमधला पिझ्झा तासाभरात मऊ पडतो आणि भट्टीत दोन मिनिटं गेला की खालची बाजू पुन्हा कुरकुरीत होते.

बिल अंदाजापेक्षा वाढतं ते बटाटे, सॉसेज किंवा भरपूर चीज असलेल्या तुकड्यांमुळे. ते दिसायला छोटे पण वजनाला जड असतात. ‘पिझ्झा रोस्सा’, म्हणजे फक्त टोमॅटोचा, आणि ‘पिझ्झा बियांका’, म्हणजे नुसतं ऑलिव्ह तेल आणि मीठ असलेला, हे दोन्ही हलके आणि स्वस्त. दुकानाची पारख करायची असेल तर हेच दोन घ्या, कारण त्यांत वाईट पीठ लपवायला काही नसतं. पिझ्झा बियांकाचा तुकडा मोडून पाहा: आत वेड्यावाकड्या आकाराच्या मोठ्या जाळ्या दिसल्या आणि वरचा पापुद्रा बोटाखाली चुरचुरला, तर पीठ नीट आंबलेलं आहे. आत पावासारखा एकसारखा बारीक भुगा असेल तर ते घाईचं काम.

व्हॅटिकन संग्रहालयातून बाहेर पडल्यावर समोरच्या रेस्टॉरंटांत न शिरता दहा-एक मिनिटं चालून मेट्रोच्या चिप्रो स्थानकापाशी जा. तिथे गाब्रिएले बोन्ची यांचं ‘पित्सारियम’ आहे, २००३ पासून. दर इतरांपेक्षा बरेच जास्त आहेत आणि बसायला जागा जवळपास नाहीच, तरी पीठ म्हणजे काय असतं ते समजून घ्यायला इथे यावं. काम्पो दे फिओरीच्या बाजूला असाल तर त्याच चौकातली बेकरी किंवा व्हिया देइ कियावारीवरची ‘आंतिको फोर्नो रोश्शोली’. ‘फोर्नो’ म्हणजे बेकरी. हा शब्द रोममध्ये जिथे दिसेल तिथे दुपारची सोय होते.

गोल, पातळ, लाकडाच्या भट्टीतला रोमन पिझ्झा हा निराळा प्रकार आणि तो बहुधा रात्रीचा, कारण बऱ्याच पिझ्झेरियांत भट्टी संध्याकाळीच पेटते. एका माणसाला एक असा हिशेब, वाटून खायची पद्धत नाही. तेस्ताच्चोमधलं ‘दा रेमो’ आणि त्रास्तेवेरेतलं ‘आइ मार्मी’ ही दोन जुनी नावं. संगमरवरी टेबलांमुळे दुसऱ्याला लोक ‘शवागार’ म्हणतात आणि तरी रोज रांग लावतात. पिझ्झा येईपर्यंत ‘सुप्ली’ मागवा: टोमॅटोत शिजवलेल्या भाताचा लांबट गोळा, आत मोझ्झारेला, वरून पावाचा चुरा लावून तळलेला. गरम असताना मधोमध मोडून दोन्ही हात लांब न्या. आतलं चीज जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखं लोंबतं, म्हणून त्याला ‘सुप्ली आल तेलेफोनो’ म्हणतात. गार झाला की तार सुटत नाही आणि मजा जाते. पारंपरिक सुप्लीच्या भातात खिम्याचा रस्सा असतो, हे शाकाहारींनी लक्षात ठेवावं.

खानावळीचा मेनू कसा वाचायचा

मेनूचे पाच भाग असतात: ‘आंतिपास्ती’ म्हणजे सुरुवातीचं, ‘प्रीमी’ म्हणजे पास्ता-सूप, ‘सेकोन्दी’ म्हणजे मांस-मासे, ‘कोन्तोर्नी’ म्हणजे भाज्या आणि ‘दोल्ची’ म्हणजे गोड. पाचही घ्यावे लागतात असं नाही. एक प्रीमो आणि एक कोन्तोर्नो हे पूर्ण जेवण आहे आणि कोणी नाक मुरडत नाही. सेकोन्दो मागवलात तर ताटात फक्त मांस येतं, बरोबर भाजी-बटाटा काही नसतं. ते कोन्तोर्नीतून वेगळं मागवावं लागतं.

रोमचे चार पास्ते एकाच कुटुंबातले आहेत आणि ते असे लक्षात ठेवता येतात. पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि मिरी, एवढ्यावर ‘काचो ए पेपे’. त्यात ‘ग्वान्चाले’, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस घातलं की ‘ग्रीचा’. ग्रीचात अंडं गेलं की ‘कार्बोनारा’. ग्रीचात टोमॅटो गेला की ‘अमात्रिचाना’. कार्बोनारात क्रीम नसते. मेनूत ‘पान्ना’, म्हणजे क्रीम, हा शब्द कार्बोनाराच्या पुढे दिसला तर उठून जायला हरकत नाही.

काचो ए पेपे सगळ्यात साधा आणि सगळ्यात चटकन बिघडणारा. पास्ता शिजवलेल्या पाण्यातल्या पिठूळपणाच्या आधारावर चीज वितळून साय व्हावी लागते. पाणी फार गरम असेल तर चीज घट्ट होऊन त्याच्या चिकट गुठळ्या बनतात आणि त्या काट्याला लटकतात. चांगल्या ताटात सगळ्या पास्त्यावर रस्सा एकसारखा चिकटलेला असतो, तळाशी पाणी साचत नाही आणि मिरी भरड कुटलेली दिसते. ताट आल्या आल्या खायला लागा. पाचच मिनिटांत तो रस्सा आळून बसतो आणि मग दोष स्वयंपाक्याचा नसतो.

जुन्या खानावळीत वारांचे पदार्थ अजून पाळतात: गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी ‘त्रिप्पा’ म्हणजे गुरांचं पोट. ज्या दिवशी जाल त्या दिवसाचा पदार्थ विचारा, तो ताजा केलेला असतो.

मेनूवर आणखी दोन खुणा शोधा. पदार्थाच्या नावापुढे तारेची खूण म्हणजे माल गोठवलेला होता किंवा असू शकतो. तळटीप बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर असते. आणि माशांपुढे दरापाशी ‘एस. क्यू.’ ही अक्षरं किंवा ‘आल्लेत्तो’ लिहिलेलं असेल तर छापलेला आकडा ताटाचा नाही, १०० ग्रॅमचा आहे. सात युरोंना दिसणारा मासा ८०० ग्रॅमचा निघाला की ५६ युरो होतात. असा मासा घ्यायचाच असेल तर शिजवण्याआधी समोर आणायला सांगा, वजन करवून घ्या आणि एकूण किंमत तोंडी ठरवा. २०१९ साली कास्तेल सांतांजेलोच्या परिसरात दोन जपानी पर्यटकांना माशांच्या स्पगेट्टीच्या दोन प्लेटी आणि पाण्यासाठी ४२९ युरो ८० सेंटचं बिल लागलं होतं. त्यातले ८० युरो टिपचे म्हणून लावलेले होते.

रस्त्यावर उभं राहून हाका मारणाऱ्याला इटालियनमध्ये ‘बुत्तादेन्त्रो’ म्हणतात, म्हणजे आत ढकलणारा. चांगल्या खानावळीला त्याची गरज पडत नाही. सहा भाषांतला मेनू, पदार्थांचे उन्हाने फिके पडलेले फोटो, ‘मेनू तुरिस्तिको’ची पाटी आणि चार वाजता भरलेली टेबलं, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी पुढे चला. उलट, एका पानाचा मेनू आणि फळ्यावर खडूने लिहिलेले आजचे दोन-तीन पदार्थ दिसले तर थांबून दार किती वाजता उघडतं ते बघा.

शाकाहारी असाल तर

रोममध्ये शाकाहारी उपाशी राहत नाही, पण ‘भाजीचं दिसतंय’ म्हणून मागवलेल्या पदार्थात मासा निघतो. सगळ्यात जास्त घात करते ती ‘आलीची’, म्हणजे अँकोवी ही बारीक मासळी. भोपळ्याची तळलेली फुलं, ‘फिओरी दि त्सुक्का’, यांत मोझ्झारेलाबरोबर ती भरलेली असते. हिवाळ्यातली ‘पुंतारेल्ले’ ही कुरकुरीत कोशिंबीर तर अँकोवी-लसणाच्या रसातच कालवतात. मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप आणि रिझोत्तो हा मऊ भात मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात. पान्ना कोत्ता ही क्रीमची गोड वडी जिलेटिनने घट्ट केलेली असते. वसंतातली ‘विन्यारोला’, म्हणजे आर्टिचोक (जाड पाकळ्यांची खायची कळी), वाटाणा आणि हिरव्या फावा बियांची भाजी, हिच्यातही काही जण ग्वान्चाले घालतात.

चीजचं वेगळंच आहे. पेकोरीनो रोमानो कोकराच्या आणि पार्मिजानो वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे जे लोक रेनेट टाळतात त्यांना काचो ए पेपेही चालणार नाही. त्यांच्यासाठी ‘पेन्ने आल्लार्राब्याता’ आहे: टोमॅटो, लसूण, सुकी लाल मिरची आणि तेल. हा रोमचाच पदार्थ, अस्सल तिखट. वरून चीज नको असेल तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ म्हणा. पिझ्झा मरिनारावर मुळातच चीज नसतं. कोन्तोर्नीत ‘चिकोरिया रिपास्साता’ मागवा; कडवट पालेभाजी लसूण-मिरचीच्या तेलात परतलेली असते आणि वर्षभर मिळते. सुका पास्ता बिनअंड्याचा असतो. ‘पास्ता फ्रेस्का’ किंवा ‘आल्लुओवो’ लिहिलं असेल तर त्यात अंडं धरून चाला. तिरामिसूत कच्चं अंडं असतं.

नुसतं ‘मी मांस खात नाही’ सांगून पुरत नाही, कारण चिमूटभर ग्वान्चाले किंवा हॅम काही वेटरांच्या लेखी मांसात मोडतच नाही. पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’, बाईने ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणावं आणि लगेच नावं घ्यावीत: ‘न्येन्ते कार्ने, न्येन्ते पेशे, न्येन्ते ग्वान्चाले, न्येन्ते आलीची.’ कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी ‘सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला’ हे जोडावं आणि रस्सा ताजा करून मिळेल का ते विचारावं. आधीच करून ठेवलेल्या रश्शातून लसूण काढता येत नाही. अॅलर्जी असेल तर ठरावीक १४ घटकांची माहिती देणं युरोपीय कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तो तक्ता संकोच न करता मागा.

कुठल्या भागात

*तेस्ताच्चो.* एकच रात्र असेल तर इथे जेवा. कोलोसियमपासून मेट्रोच्या ब मार्गावर दुसरं स्थानक पिरामिदे, तिथून चालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेला कत्तलखाना १९७५ पर्यंत इथे चालू होता. कामगारांच्या वाट्याला आतडी, शेपटी, पोट असं उरलेलं यायचं आणि त्यातून ‘क्विन्तो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चतुर्थांश, ही स्वयंपाकाची परंपरा तयार झाली. टोमॅटो-सेलरीत तासन् तास शिजलेली बैलाची शेपटी, ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’, ही तिची ओळख. ‘केक्कीनो दाल १८८७’ कत्तलखान्यासमोरच आहे. ‘फ्लावियो आल वेलावेवोदेत्तो’ ज्या टेकडीला खेटून आहे ती रोमन काळात तेलाचे रांजण फोडून टाकून तयार झाली. आत काचेमागे त्या खापऱ्यांचे थर दिसतात. काचो ए पेपेसाठी ‘फेलिचे’. दुपारी आलात तर तेस्ताच्चोचा मंडईबाजार आहे. तिथे ‘मोर्दी ए वाई’च्या गाळ्यावर उकडलेल्या गोमांसाचा पाव मिळतो. मंडई दुपारी आटोपते आणि रविवारी बहुधा बंद असते. पिझ्झाच्या त्रिकोणी खिशात रस्सा भरून देणारा ‘त्रापित्सीनो’ हा पदार्थही २००८ साली स्तेफानो कालेगारी यांनी इथेच काढला. वांगं-टोमॅटोचा असेल तर तो मांसाशिवाय मिळतो.

*घेत्तो.* १५५५ साली पोपने ज्यू लोकांना कोंडलेली ही वस्ती. व्हिया देल पोर्तिको दोत्तावियावर ‘कार्चोफी आल्ला जुदिया’ खा: अख्खं आर्टिचोक सोलून, पाकळ्या उघडून दोनदा तळलेलं, ताटात शेवंतीच्या फुलासारखं उमललेलं. बाहेरच्या पाकळ्या वेफरसारख्या मोडून खायच्या, आतला गाभा मऊ लागतो आणि टाकून द्यायचं काहीच नसतं. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा. इतर वेळी मिळतात ती बाहेरून आणलेली किंवा गोठवलेली. तळण नको असेल तर पुदिना-लसणात शिजवलेलं ‘आल्ला रोमाना’ मागा. ज्यू धर्मनियमांनुसार चालणारी कोशर रेस्टॉरंटं शुक्रवारी सूर्यास्ताआधी बंद होतात ती शनिवारी रात्रीपर्यंत. त्यातली काही फक्त दुग्धजन्य पदार्थांची असतात, तिथल्या स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही. शाकाहारींसाठी हा मोठा दिलासा, फक्त मासे असू शकतात.

*त्रास्तेवेरे* सुंदर आहे, पण मुख्य गल्ल्यांत हाका मारणारे पुष्कळ. रात्री फिरायला जा, जेवायचं आधी ठरवून जा. *मोन्ती* कोलोसियमच्या मागे लागूनच आहे आणि दुपारच्या जेवणाला तेवढं अंतर चालायला कोणालाही जमतं.

बिल

वेटर स्वतःहून बिल आणत नाही. जेवण झाल्यावर लोकांना उठवणं तिथे असभ्य समजतात. ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणा. इटलीत इतरत्र बसण्याचे माणशी पैसे, ‘कोपेर्तो’, लावतात. रोम ज्या प्रांतात आहे त्या लात्सियोत २००६ च्या प्रादेशिक कायद्याने त्याला बंदी आहे, म्हणून बिलात ‘पाने’, म्हणजे पाव, अशी माणशी एक-दोन युरोंची ओळ दिसते. पाव नको असेल तर टेबलावर आल्या आल्या परत पाठवा, हात लावल्यावर नाही. पण ताटात अमात्रिचानाचा रस्सा उरणार असेल तर ठेवून घ्या. तो पावाने पुसून खाणं, ‘स्कार्पेत्ता’, हा जेवणातला सगळ्यात चांगला घास असतो.

‘सेर्वित्सियो’ ही ओळ १० ते १५ टक्क्यांची असू शकते. ती मेनूवर छापलेली असायला हवी, म्हणून बसण्याआधीच शोधा. ती लावली असेल तर वर टिप द्यायचं कारण नाही. नसेल तरी टिप ऐच्छिक, चांगलं जेवलात तर दोन-चार युरो ठेवा. कार्डाच्या यंत्रावर टिपचे टक्के विचारले तर ‘नको’ दाबायला संकोच नको. कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला ३० युरो अधिक व्यवहाराच्या ४ टक्के दंड आहे, २०२२ च्या जूनअखेरपासून. तेव्हा ‘मशीन बिघडलंय’ ऐकून एटीएम शोधत फिरू नका, शांतपणे पुन्हा विचारा. मित्रांत समान वाटणी करायची असेल तर ती करायची पद्धतच ‘आल्ला रोमाना’ म्हणून ओळखली जाते. ज्याचं त्याचं वेगळं बिल मात्र फार जण करून देत नाहीत.

जेलातो

जेलातो म्हणजे इटालियन आइस्क्रीम. त्यातला पिस्ता भडक हिरवा नसावा, मळकट शेवाळी असावा. केळं पिवळंधमक नसावं, राखाडी-पांढरं असावं. डोंगरासारखे फुगवून रचलेले ढीग दिसले तर त्यात हवा आणि स्थिरता आणणारे पदार्थ जास्त आहेत. झाकणाच्या खोल डब्यांतून काढून देणारं दुकान जास्त भरवशाचं. पियात्सा वित्तोरियोजवळचं ‘फास्सी’ १८८० पासूनचं, संसदभवनाजवळचं ‘जोलित्ती’ १९०० पासूनचं. जोलित्तीतही आधी गल्ल्यावर कोनाचा आकार सांगून पैसे द्यायचे आणि चव काउंटरवर निवडायची.

कोन हातात घेऊन स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र बसू नका. २०१९ पासून तिथे बसायलाच मनाई आहे, दंड २५० युरोंपर्यंत, आणि पायऱ्या खराब केल्या तर ४०० पर्यंत. त्रेवीच्या कठड्यावर बसून खाण्यालाही बंदी आहे. पोलीस शिट्टी वाजवून उठवतात. उन्हाळ्यात कोन पाच मिनिटांत वितळायला लागतो, म्हणून दुकानाच्या सावलीतच उभं राहून संपवा आणि मग पायऱ्यांकडे निघा.